गावाची माहिती आणि जुन्या लॅपटॉपातील डिस्कचे कुलूप

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. त्यांच्या पोटात लोहखनिज आहे, माथ्यावर माडिया समाजाच्या श्रद्धेतील ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि पायथ्याशी ज्या गावांची वस्ती आहे, त्या सूरजागड पट्टीतील ७० गावांच्या ग्रामसभा दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेनिमित्त एकत्र येऊन जंगल, जमीन आणि खाण यांविषयीची आपली भूमिका मांडत आल्या आहेत. २००७ मध्ये येथील ३४८ हेक्टरांहून थोड्या अधिक क्षेत्राचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्स या कंपनीला देण्यात आला, आणि त्याच सुमारास, म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा व २००८ चे नियम लागू झाल्यानंतर, गावांनीही आपल्या वैयक्तिक व सामूहिक हक्कांचे दावे तयार करायला सुरुवात केली. खाणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान असला, तरी गौण मात्र नाही: या दाव्यांची, व्यवहारांची आणि माणसांची माहिती आता ज्या जुन्या लॅपटॉपांत साठत चालली आहे, त्यांतील डिस्कला कुलूप कसे लावावे आणि त्या कुलपावर कितपत विसंबावे, हा तो विषय आहे.

वनहक्काचा दावा म्हणजे केवळ अर्ज नव्हे. कुटुंबातील माणसांची नावे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचे पुरावे, वडीलधाऱ्यांचे जबाब, उपग्रहाच्या साहाय्याने जागा नोंदवणाऱ्या जीपीएस यंत्राने घेतलेल्या हद्दीच्या खुणा, पवित्र स्थळे व औषधी वनस्पती यांच्या जागा दाखवणारे नकाशे असा मोठा ऐवज एकेका दाव्यामागे असतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोली जिल्हा अशा हक्कांच्या बाबतीत देशात आघाडीवर राहिला आणि पुढे अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्ता यांची विक्री स्वतः करू लागल्या. विक्री आली म्हणजे हिशेब आला: तेंदूच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, कोणी किती पुडे आणले, कोणाच्या बँक खात्यावर किती रक्कम जमा करायची, कोणत्या कंत्राटदाराने काय दर दिला, पुढील लिलावात ग्रामसभा किती दरापर्यंत उतरण्यास तयार आहे. खातेक्रमांक आणि आधारच्या प्रती फसवणूक करणाऱ्याच्या कामाच्या असतात, आणि लिलावाआधी ग्रामसभेचा किमान दर कळणे हे कंत्राटदाराच्या कामाचे असते. म्हणून ही माहिती चोरावी असे वाटणारे कोणीतरी असणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था केली पाहिजे.

आरोग्याच्या माहितीबाबत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभ्या केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. सार्वजनिक आरोग्याच्या जगात या निष्कर्षाने खळबळ उडवली. परंतु तो शक्य झाला तो त्या स्त्रियांनी, घरातही ज्याची वाच्यता होत नसे अशा गोष्टी परक्या माणसांना विश्वासाने सांगितल्या म्हणून. त्या काळी अशी माहिती कागदी नोंदवह्यांत असे, आणि वह्यांचा गठ्ठा चोरून नेणे सोपे नसे. आज तेवढीच माहिती हाताच्या पंजाएवढ्या डिस्कच्या एका कोपऱ्यात मावते, आणि ती डिस्क दोन-चार स्क्रू काढले की लॅपटॉपमधून बाहेर येते.

येथे जुन्या लॅपटॉपचाच विचार करण्याचे कारण असे की, गावपातळीवरील कामात तोच अधिक आढळतो. शहरातील एखाद्या कार्यालयाने बदललेला, कोणी देणगी म्हणून दिलेला किंवा जुन्या मालाच्या दुकानातून घेतलेला लॅपटॉप, त्यातील फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली की पुन्हा कामाचा होतो. एसएसडी म्हणजे फिरणारे भाग नसलेली, फ्लॅश स्मृतीच्या चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. ती धक्के सोसते, वीज कमी घेते आणि जुन्या यंत्राचा वेग डोळ्यांत भरेल इतका वाढवते. कच्च्या रस्त्यावरून मोटारसायकलने फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी हे गुण मोलाचे आहेत. मात्र हीच डिस्क सहज काढता, खिशात घालता आणि दुसऱ्या यंत्राला जोडता येते, आणि संरक्षणाचा प्रश्न तेथेच सुरू होतो.

लॅपटॉपवर ‘पासवर्ड’ म्हणून जे काही असते, त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिला पासवर्ड विंडोजचा किंवा लिनक्सचा, म्हणजे संगणक चालू झाल्यावर वापरणाऱ्याला आत घेण्यापूर्वी विचारला जाणारा. तो केवळ त्या कार्यप्रणालीचा दरवाजा राखतो, आणि डिस्क काढून एका साध्या यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली की तो दरवाजा वाटेत येतच नाही. दुसरा पासवर्ड बायोसचा. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरील चिपेत राहणारा प्रोग्राम. त्याचा पासवर्ड यंत्र सुरू होणे रोखतो, परंतु तोही मदरबोर्डपुरताच असतो आणि डिस्कला त्याची खबर नसते. तिसरा पासवर्ड डिस्कचा स्वतःचा. तो बायोसच्याच पडद्यावर ‘हार्ड डिस्क पासवर्ड’ या नावाने दिसत असल्यामुळे दुसऱ्याशी त्याची गल्लत होते, पण प्रत्यक्षात तो डिस्कच्या आत नोंदला जातो आणि डिस्क कोठेही नेली तरी तिच्यासोबत जातो. चोरी झालेल्या लॅपटॉपचा विचार करताना खरे महत्त्व या तिसऱ्याला आहे.

डिस्कच्या पासवर्डाची ही सोय १९९७ च्या एटीए-३ या मानकात आली. संगणक आणि डिस्क यांनी एकमेकांशी कोणत्या आज्ञांनी बोलावे हे ठरवणारे ते मानक होय. त्यानुसार डिस्कमध्ये जास्तीत जास्त ३२ बाइटांचे दोन पासवर्ड ठेवता येतात, एक वापरणाऱ्याचा आणि एक ‘मास्टर’. संरक्षणाच्या पातळ्याही दोन आहेत. ‘हाय’ पातळीवर मास्टर पासवर्डानेही डिस्क उघडते, तर ‘मॅक्सिमम’ पातळीवर मास्टर पासवर्डाने डिस्क फक्त पुसता येते, वाचता येत नाही. डिस्क पाचदा चुकीचा पासवर्ड सोसते आणि मग वीज बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा प्रयत्न स्वीकारत नाही. कारखान्यातून निघालेल्या डिस्कवर मास्टर पासवर्ड बहुधा उत्पादकाने ठरवलेला असतो, आणि असे कारखानी पासवर्ड जाणकारांना ठाऊक होत असल्यामुळे, तो न बदलता डिस्क ‘हाय’ पातळीवर ठेवणे म्हणजे एक किल्ली परक्याकडे ठेवून निश्चिंत राहणे होय. बायोस ही पातळी अनेकदा वापरणाऱ्याला विचारत नाही आणि कोणती निवडली तेही सांगत नाही.

ज्यांनी लिनक्समधून ‘एचडीपार्म’ या आज्ञेने पासवर्ड लावण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना डिस्क ‘फ्रोझन’ म्हणजे गोठलेली असल्याचे उत्तर बहुधा मिळाले असेल. हा दोष नसून संरक्षण आहे: यंत्र सुरू होतानाच बायोस डिस्कला पासवर्डविषयक आज्ञा पुढे न स्वीकारण्याचा हुकूम देतो, कारण तसे न केल्यास एखादा घातक प्रोग्राम मालकाच्या नकळत डिस्कला पासवर्ड लावून खंडणी मागू शकेल. बायोसमधून डिस्कला पासवर्ड लावण्याची सोय सर्वच लॅपटॉपांत असते असेही नाही. कार्यालयीन वापरासाठी बनवलेल्या मालिकांत, उदाहरणार्थ थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक यांत, ती सामान्यतः सापडते, तर घरगुती वापराच्या स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळदा सापडत नाही.

आता मूळ प्रश्न असा की, हा पासवर्ड लावल्यावर डिस्कच्या आत नेमके काय घडते. फिरत्या हार्ड डिस्कांत बहुधा फारसे काही घडत नसे. माहिती चकतीवर जशीच्या तशी राही आणि डिस्कचा आतला प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो पासवर्ड मिळेपर्यंत ती देण्यास नकार देई. फर्मवेअरला वळसा घालण्याची साधने असलेल्या तंत्रज्ञाला हा नकार ओलांडता येत असे. एसएसडीने येथे मोठी सुधारणा आणण्याचे आश्वासन दिले. २०११ च्या सुमारास बाजारात आलेल्या अनेक एसएसडींमध्ये, इंटेलची ३२० ही मालिका हे त्यांतील ठळक उदाहरण, डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट एईएस या कूटपद्धतीने आपोआप कूटबद्ध होऊ लागली. कूटबद्ध करणे म्हणजे योग्य किल्लीवाचून निरर्थक भासेल अशा रूपात माहिती बदलणे. येथे ती किल्ली, म्हणजे एक लांबलचक यादृच्छिक संख्या, डिस्कच्याच आत असते. पासवर्ड लावला की त्या पासवर्डापासून बनवलेल्या दुसऱ्या किल्लीने ही पहिली किल्ली झाकली जावी, अशी रचना अपेक्षित असते. रचना खरोखर तशी असेल, तर चिपा उखडून वाचणाऱ्याच्या हातीही काही लागत नाही. एसएसडीवरील पासवर्डाचे सगळे बळ या एका अटीवर तोललेले आहे.

आणि ही अट पाळली जाते की नाही, हे डिस्क विकत घेणाऱ्याला बाहेरून पाहण्याचा कोणताही मार्ग नाही. २०१२ मध्ये इंटेलने स्वतःच जाहीर केले की, तिच्या ५२० या मालिकेत २५६ बिटांचे एईएस असल्याचे सांगितले गेले असले, तरी आतील कंट्रोलर या नियंत्रक चिपेमुळे प्रत्यक्षात १२८ बिटांचेच चालते. कंपनीने ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारीही दाखवली. १२८ बिटही पुरेसे सुरक्षित आहेत, त्यामुळे धोका मोठा नव्हता, पण निर्मात्यालाही आपल्या डिस्कमध्ये काय चालते ते उशिरा कळले, ही बाब विचार करायला लावणारी होती. खरा धक्का नोव्हेंबर २०१८ मध्ये बसला. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाचे कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंग यांच्या अनेक लोकप्रिय एसएसडींचे फर्मवेअर उलगडून तपासले, तेव्हा क्रुशियलच्या एमएक्स१०० व एमएक्स२०० मध्ये पासवर्ड आणि आतली किल्ली यांचा कूटशास्त्रीय संबंधच जोडलेला नसल्याचे दिसले. फर्मवेअरमधील पासवर्डाची तपासणी बदलून टाकली की कोणताही पासवर्ड चालत होता. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये वेगळीच गोष्ट आढळली. फ्लॅश स्मृतीचे कोष झिजतात, म्हणून एसएसडी एकाच जागी पुन्हापुन्हा न लिहिता जागा बदलत राहते. त्यामुळे पासवर्ड लावण्यापूर्वीची, न झाकलेली किल्ली जुन्या जागी तशीच राहून जाऊ शकत होती. या डिस्का त्या काळात खूप खपल्या, आणि जुन्या लॅपटॉपांत आज ज्या एसएसडी सापडतात, त्यांतील अनेक याच पिढीच्या असू शकतात.

याहून गंभीर भाग असा की, विंडोजमधील बिटलॉकर ही कूटबद्धतेची सोय, डिस्क स्वतः कूटबद्ध करते असे दिसले तर त्या कामाचा भार तिच्यावरच सोपवत असे. त्यामुळे बिटलॉकर चालू आहे असे पडद्यावर दिसत असतानाही संरक्षण प्रत्यक्षात डिस्कच्या सदोष फर्मवेअरपुरतेच राही. या शोधानंतर मायक्रोसॉफ्टने सूचना काढली आणि सप्टेंबर २०१९ च्या अद्यतनापासून नव्याने कूटबद्ध होणाऱ्या डिस्कांसाठी सॉफ्टवेअरची पद्धत हीच मूळ पद्धत केली.

डिस्कच्या पासवर्डात आणखी एक अडचण आहे, आणि दूरच्या तालुक्यात तीच अधिक जाचक ठरते. बायोसमध्ये टाइप केलेला पासवर्ड डिस्ककडे जसाच्या तसा जाईलच असे नाही. अनेक उत्पादक त्याचे आपापल्या रीतीने रूपांतर करतात, कोणी कळांचे क्रमांक पाठवतो, कोणी पासवर्डावर गणिती क्रिया करून निघालेली संख्या पाठवतो. परिणाम असा की, लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला आणि डिस्क वेगळ्या बनावटीच्या लॅपटॉपमध्ये बसवली, तर पासवर्ड अचूक माहीत असूनही ती पुष्कळदा उघडत नाही. वीज वारंवार ये-जा करणाऱ्या आणि दुरुस्तीसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागणाऱ्या भागात, चोरापासून राखलेली माहिती अशा रीतीने मालकालाच पारखी होणे ही कल्पनेतील शक्यता नव्हे.

म्हणून डिस्कचा स्वतःचा पासवर्ड असेल तर तो अडसर म्हणून खुशाल वापरावा, पण माहितीच्या रक्षणाचा मुख्य आधार म्हणून सॉफ्टवेअरने केलेली कूटबद्धताच निवडावी. तिची रचना जगभरच्या जाणकारांना तपासता येते, तिच्यातील दोष उघड होतात आणि दुरुस्त होतात, आणि लॅपटॉप बिघडला तरी डिस्क दुसऱ्या कोणत्याही यंत्राला जोडून योग्य परवलीने, म्हणजे कूटबद्धता उघडणाऱ्या पासवर्डाने, ती उघडता येते.

जुन्या यंत्रासाठी येथे तीन मार्ग आहेत. बिटलॉकर विंडोजच्या घरगुती आवृत्तीत पूर्ण रूपात मिळत नाही, आणि मदरबोर्डवर टीपीएम ही किल्ल्या जपणारी चिप नसेल तर तो चालवण्यासाठी व्यवस्थापकीय मांडणीत बदल करावा लागतो. विंडोजच्या घरगुती आवृत्तीवरही चालणारा व्हेराक्रिप्ट हा मुक्त प्रोग्राम, २०१४ मध्ये अचानक थांबवल्या गेलेल्या ट्रूक्रिप्टचा वारस आहे, आणि तो संपूर्ण डिस्क किंवा तिचा एखादा भाग कूटबद्ध करू शकतो. तिसरा मार्ग लिनक्समधील लक्स या पद्धतीचा. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि विंडोज ११ बहुतेक जुन्या लॅपटॉपांना अधिकृतपणे स्वीकारत नाही, हे पाहता जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून, बसवतानाच डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडणे हे आजच्या घडीला सर्वांत शहाणपणाचे ठरते.

लक्सचा एक गुण ग्रामसभेसारख्या संस्थेसाठी विशेष उपयुक्त आहे, आणि त्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. डिस्कवरील सारी माहिती एका मुख्य किल्लीने कूटबद्ध असते, आणि ती मुख्य किल्ली वेगवेगळ्या परवलींनी झाकून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येते. जुन्या आवृत्तीत असे ८ कप्पे होते, नव्या आवृत्तीत ३२ आहेत. म्हणजे अध्यक्ष, सचिव आणि हिशेब पाहणारी व्यक्ती यांना प्रत्येकी स्वतंत्र परवली देता येते, कोणाला दुसऱ्याची परवली ठाऊक असण्याची गरज नसते, आणि पदाधिकारी बदलला की त्याचा एकच कप्पा पुसून टाकता येतो, बाकीच्यांना काहीही बदलावे लागत नाही. सामूहिक हक्काची कागदपत्रे एका माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहू नयेत, ही गोष्ट ज्या समाजाने आपले निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत जपली आहे, त्याला वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

कूटबद्धतेने यंत्र मंदावेल ही भीती बरीचशी अनाठायी आहे. इंटेलने २०१० पासून काही प्रोसेसरांत एईएसच्या क्रिया थेट करणाऱ्या आज्ञा घातल्या, आणि ज्यांत त्या आहेत तेथे फरक जाणवतही नाही. त्या काळातील पुष्कळ स्वस्त प्रोसेसरांत, पहिल्या काही पिढ्यांच्या आय३ मध्येही, त्या नाहीत. अशा यंत्रांवर वेग सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबाइटांवर येऊ शकतो. परंतु हिशेबाचे तक्ते, नकाशे आणि स्कॅन केलेले कागद हाताळण्यासाठी तेवढा वेग पुरून उरतो, आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या तुलनेत यंत्र तरीही चपळच राहते.

परवली कशी असावी याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. यंत्र सुरू होताना परवली विचारली जाते त्या टप्प्यावर देवनागरी कळफलक सहसा उपलब्ध नसतो, म्हणून ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द ओळीने घेतले, तर परवली लक्षातही राहते आणि यंत्राला ओळखण्यास अवघडही जाते. परवली शोधणारे प्रोग्राम प्रचलित शब्दांच्या याद्यांवर चालतात आणि त्या याद्यांत माडिया भाषेतील शब्द सापडण्याचा संभव फार कमी, त्यामुळे त्या भाषेतील नित्याचे शब्द येथे कामी येऊ शकतात. मात्र ठाकूरदेव, या भागातील आदिवासी स्वातंत्र्यवीर बाबुराव शेडमाके किंवा गावाचे नाव असे, परिसर जाणणाऱ्याला पहिल्या झटक्यात सुचतील असे शब्द टाळलेच पाहिजेत, कारण अशा डिस्कवर डोळा असणारा माणूस बहुधा परिसर जाणणाराच असणार.

इथपर्यंत सांगितलेले सारे संरक्षण बंद असलेल्या यंत्राचे आहे, आणि ही मर्यादा कितीही वेळा सांगितली तरी अधिक होणार नाही. परवली दिली की मुख्य किल्ली संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत येते आणि यंत्र चालू असेपर्यंत तेथेच राहते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, वीज गेल्यावरही ही स्मृती काही सेकंद, आणि थंड केल्यास त्याहून कितीतरी अधिक काळ, आपला मजकूर धरून ठेवते व तीतून किल्ली काढता येते. म्हणून लॅपटॉप नुसता मिटून, झोपेच्या अवस्थेत पिशवीत टाकून प्रवास करणे टाळावे. तो पूर्ण बंद करूनच घराबाहेर न्यावा.

चालू यंत्राचा दुसरा धोका दूरवरून येतो, आणि त्याचे खूप चर्चिले गेलेले एक उदाहरण सूरजागडशी जोडलेले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागड येथे लोहखनिज वाहून नेणारी ७० हून अधिक वाहने माओवाद्यांनी जाळली. नागपूरचे वकील सुरेंद्र गाडलिंग यांना जून २०१८ मध्ये पुण्यातील एल्गार परिषद या सभेशी संबंधित प्रकरणात अटक झाली आणि पुढे या जाळपोळीच्या प्रकरणातही त्यांना आरोपी करण्यात आले. एल्गार प्रकरणात जप्त झालेल्या संगणकांवरील पत्रे व दस्तऐवज हा तपासाचा महत्त्वाचा आधार होता. बचाव पक्षाने डिस्कच्या प्रती अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संगणकीय न्यायवैद्यक संस्थेला दिल्या. तिने २०२१ मधील अहवालांत असे म्हटले की, याच प्रकरणातील आरोपी रोना विल्सन आणि गाडलिंग या दोघांच्या संगणकांत नेटवायर नावाचा, दूरवरून ताबा मिळवून देणारा प्रोग्राम ई-मेलद्वारे शिरला होता, गाडलिंग यांच्या संगणकावरील ताबा २० महिन्यांहून अधिक काळ टिकला आणि आक्षेपार्ह दस्तऐवज त्या मार्गाने तेथे ठेवले गेले. या प्रकरणाचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. गाडलिंग यांच्यावरील आरोपांत तथ्य किती आणि अहवालाला पुरावा म्हणून वजन किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. त्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. परंतु अशा प्रकारे शिरलेला प्रोग्राम काय करू शकतो, ते संगणकशास्त्राच्या दृष्टीने निर्विवाद आहे. मालकाने परवली देऊन डिस्क उघडलेली असते, आणि शिरलेला प्रोग्राम मालकाच्याच अधिकाराने त्या उघड्या डिस्कवर वाचतो व लिहितो. त्याच्यापुढे डिस्कचा पासवर्ड, बिटलॉकर आणि लक्स सारखेच निरुपयोगी ठरतात. त्याला अडवायचे तर अनोळखी ई-मेलसोबतची जोडपत्रे न उघडणे, कार्यप्रणाली अद्ययावत ठेवणे आणि हिशेबाच्या लॅपटॉपला शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवणे हे वेगळे उपाय लागतात.

याच प्रकरणामुळे आणखी एक संकल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली, ती म्हणजे हॅश. फाइलीतील सर्व मजकुरावर गणिती क्रिया करून जो ठरावीक लांबीचा आकडा निघतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलीत एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. कूटबद्धता माहिती गुप्त ठेवते, पण ती बदललेली नाही हे सिद्ध करण्याचे काम हॅशचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद अपेक्षित आहे. हद्दीचे नकाशे आणि जबाब उद्या वादात पुरावा म्हणून मांडायचे असतील, तर ग्रामसभेने ते तयार झाले त्याच दिवशी त्यांचे हॅश ठरावाच्या वहीत शाईने उतरवून ठेवणे, हा बिनखर्चाचा आणि फार मोलाचा उपाय आहे.

डिस्क कूटबद्ध करणे भारतात बेकायदेशीर नाही. उलट, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इतरांची माहिती बाळगणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी टाकतो. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार अधिकृत यंत्रणेने विहित कारणांसाठी आदेश दिल्यास माहिती उलगडून देण्यास साहाय्य करावे लागते, आणि नकाराला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

कूटबद्धता केव्हा करावी याचे उत्तर एसएसडीच्या स्वभावातच आहे. डिस्क जागा बदलत लिहिते, म्हणून पुसलेल्या किंवा वर लिहिलेल्या फाइलीचे अवशेष वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या कोषांत राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये चिपा थेट वाचून दाखवले की, एसएसडीवरील एखादीच फाइल खात्रीने नष्ट करणारी एकही सॉफ्टवेअर पद्धत यशस्वी ठरत नाही. तेव्हा कूटबद्धता पहिल्या दिवशी, डिस्क रिकामी असतानाच करावी. डिस्क आधीच भरली असेल, तर माहिती दुसरीकडे हलवावी, ‘सिक्युअर इरेज’ या डिस्कच्या स्वतःच्या आज्ञेने ती पूर्ण पुसावी, मग कूटबद्ध करून माहिती परत आणावी.

माहितीची दुसरी प्रतही असलीच पाहिजे, आणि तीही कूटबद्ध. परवली विसरली, तर कूटबद्ध माहिती परत मिळवून देणारा कोणताही कारागीर जगात नाही, आणि डिस्क बिघडली तरी ती परत मिळणे फार अवघड होते. आणि एसएसडी बिघडते तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता बिघडते. ही दुसरी प्रत कशावर ठेवावी, याचे उत्तर मात्र अपेक्षेविरुद्ध आहे. एसएसडी वीज न मिळता बराच काळ पडून राहिली तर तिच्या कोषांतील विद्युत्भार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, आयुष्य संपत आलेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा असते, आणि तापमान वाढले की हा काळ घटतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटातले तापमान ४० अंशांच्या वर सहज जाते. म्हणून कपाटात ठेवायची प्रत फिरत्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि दर काही महिन्यांनी ती जोडून ताजी करावी. ती त्याच गावात असू नये, हेही ओघानेच आले. पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा संपर्क जवळजवळ दर पावसाळ्यात तुटतो, आणि अशा भागात दोन प्रती दोन वेगळ्या गावी, शक्यतो नदीच्या दोन्ही तीरांवर, असणे हाच शहाणपणा होय. लक्सच्या किल्ल्यांचे कप्पे डिस्कच्या प्रारंभीच्या भागात असतात. तो भाग खराब झाला तर परवली असूनही डिस्क उघडत नाही, म्हणून त्याचीही प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी लागते. आणीबाणीची एक परवली कागदावर लिहून, मोहोरबंद पाकिटात, ग्रामसभेच्या ठरावाने ठरलेल्या दोन व्यक्तींच्या समक्षच उघडेल अशा रीतीने ठेवता येते.

शेवटी लॅपटॉप विकण्याची किंवा भंगारात देण्याची वेळ येते, तेव्हा सुरुवातीला घेतलेल्या श्रमांचे फळ मिळते. डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध असेल, तर किल्ल्यांचे सर्व कप्पे पुसून टाकणे, त्या प्रारंभीच्या भागाच्या जुन्या प्रती नष्ट करणे आणि त्यानंतर ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा देणे एवढे काम उरते, आणि ते काही मिनिटांत होते. कूटबद्ध नसलेली, गावाची माहिती बाळगलेली जुनी एसएसडी मात्र विकू नये आणि कोणाला देऊही नये. ती लॅपटॉपमधून काढून, तिच्यातील काळ्या चौकोनी चिपा एकेक करून हातोडीने फोडाव्यात, आणि लॅपटॉप डिस्कशिवायच द्यावा.